लॅपटॉप जागा होतो, वाय-फाय झोपलेलंच राहतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉप उघडला, पासवर्ड टाकला, मीटिंगला दोन मिनिटं उरलीत आणि उजव्या कोपऱ्यात वाय-फायच्या खुणेऐवजी पृथ्वीचा तो करडा गोल. काल रात्री मिटून ठेवताना सगळं ठीक होतं. ‘ह्याला कॉम्प्युटरमधलं कळतं’ असा शिक्का एकदा बसला की नातेवाइकांकडून आणि सोसायटीतून असले फोन येतच राहतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं विंडोज १० आणि ११ची आहेत, कारण विचारणारे बहुतेक तेच वापरतात. लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी खाली वेगळी उत्तरं आहेत. कमांड मात्र फोनवर सांगतो तशाच, उच्चारून लिहिल्या आहेत.

रीस्टार्ट केला की चालू होतं. मग एवढा विचार कशाला करायचा?

महिन्यातून एकदा होत असेल तर नकाच करू. रीस्टार्ट करा आणि कामाला लागा. पण रोज सकाळी होत असेल, तर रीस्टार्टमुळे एक नुकसान होतं: नेमकं काय अडलं होतं त्याचा पुरावाच पुसला जातो. मग आठवडाभराने तुम्ही कोणाला तरी विचारता आणि सांगण्यासारखं एकच वाक्य हातात असतं, ‘वाय-फाय चालत नाही’. त्यावरून कोणीच काही सांगू शकत नाही. पुढच्या वेळी रीस्टार्ट करण्याआधी फक्त एक मिनिट थांबा आणि खालच्या प्रश्नात दिल्याप्रमाणे बघून घ्या.

नेमकं कुठे अडलंय हे कसं ओळखायचं?

आधी फोन हातात घ्या, त्याचा मोबाइल डेटा बंद करा आणि त्याच वाय-फायवर एखादी साइट उघडा. फोनवरही उघडत नसेल तर लॅपटॉपला दोष देऊ नका, राउटर किंवा लाइन बघा. ऐकायला बाळबोध वाटतं, पण मला येणाऱ्या फोनमधले बरेचसे इथेच मिटतात.

फोनवर चालतंय आणि लॅपटॉपवर नाही, तर चारपैकी एक गोष्ट असते.

पहिली, कार्डच (लॅपटॉपच्या आतला वाय-फायचा सुटा भाग) दिसत नाही. सेटिंग्जमध्ये वाय-फायचा पर्यायच गायब, फक्त इथरनेट आणि एअरप्लेन मोड उरलेला. ही सगळ्यात गंभीर अवस्था, तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

दुसरी, कार्ड आहे, पण नेटवर्कची यादी रिकामी, किंवा शेजाऱ्यांची नावं दिसतात आणि आपलं दिसत नाही, किंवा दिसतं पण जोडताना ‘कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क’ येतं. इथे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, अर्धवट जागा झालेला असतो, नाहीतर राउटरच्या चॅनेलचा (तो ज्या लहरींवर बोलतो त्या पट्ट्याचा) घोळ असतो.

तिसरी, जोडलं गेलं पण पत्ता (नेटवर्कवर लॅपटॉपला ओळखायचा आकडा) मिळाला नाही. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ पत्ता बघा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि विंडोजने स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला आहे.

चौथी, पत्ता १९२.१६८ किंवा १०ने सुरू होणारा, म्हणजे व्यवस्थित, पण साइट उघडत नाहीत. इथे वाय-फाय निर्दोष असतं. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय), व्हीपीएन (सगळी ये-जा एका सुरक्षित बोगद्यातून नेणारी सोय), अँटिव्हायरस किंवा चुकलेलं घड्याळ, यांपैकी कोणीतरी आडवं आलेलं असतं. घड्याळाला हसू नका. तारीख दोन वर्षं मागे गेली की साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं खोटी ठरतात आणि ब्राउझर काही उघडतच नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की हे होतं.

लॅपटॉप मिटल्यावर आत नेमकं काय होतं?

झोप दोन प्रकारची असते.

जुनी पद्धत, तांत्रिक भाषेत एस३. हिच्यात प्रोसेसर बंद, पडदा बंद, वाय-फाय कार्ड जवळजवळ बंद, फक्त रॅमला वीज मिळत राहते. जाग आली की ड्रायव्हर कार्डला पुन्हा उभं करतो, त्याचं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) भरतो आणि मग नेटवर्क शोधतो. हे सगळं ठरलेल्या क्रमाने व्हावं लागतं. एखादं पाऊल चुकलं की कार्ड अर्धवट शुद्धीत राहतं.

नवी पद्धत मॉडर्न स्टँडबाय. २०१२मध्ये विंडोज ८बरोबर ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आलं, त्याचंच विंडोज १०मध्ये हे नाव झालं. कल्पना मोबाइलची आहे: पडदा बंद, पण यंत्र अधूनमधून डोळा उघडून मेल वगैरे बघणार. संस्कृतातली श्वाननिद्रा म्हणा हवं तर. सावध झोप चांगलीच, पण तिच्यात कार्ड रात्रभरात कितीतरी वेळा झोपतं आणि उठतं, आणि तितक्या वेळा चुकण्याची संधी असते. बॅगेत ठेवलेला लॅपटॉप गरम झालेला सापडतो तोही याच पद्धतीत. माझं वैयक्तिक मत विचाराल तर लॅपटॉपला मोबाइल बनवायची ही हौस अजून पुरती पचलेली नाही.

तुमच्याकडे कोणती आहे ते बघायला कमांड प्रॉम्प्ट उघडा, पॉवरसीएफजी लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ आणि ए. उत्तरात ‘स्टँडबाय एस३’ असेल तर जुनी, ‘एस० लो पॉवर आयडल’ असेल तर नवी. खालचे काही उपाय यावरच अवलंबून आहेत.

शटडाउन करून चालू केला तरी तेच होतं, पण रीस्टार्ट केल्यावर होत नाही. असं कसं?

कारण विंडोज ८पासून शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन राहिलेलं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोज तुमचे प्रोग्राम बंद करतं, पण स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हरांची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. म्हणजे रुसलेला ड्रायव्हर रुसलेलाच परत येतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. ‘बंद करून चालू केला’ आणि ‘रीस्टार्ट केला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरातल्या सगळ्यांना एकदा सांगून ठेवा.

पूर्ण बंद करायचा असेल तर शिफ्ट दाबून ठेवून शटडाउनवर क्लिक करा. फास्ट स्टार्टअप कायमचं काढायचं असेल तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ आणि ती टिक काढा. एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर सुरू व्हायला लागणारा फरक मोजक्या सेकंदांचा असतो. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांनी तर ती टिक काढलीच पाहिजे, नाहीतर विंडोजने धरून ठेवलेलं कार्ड लिनक्सला नीट मिळत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमधली वीज वाचवण्याची टिक काढावी का?

हो, वरच्या चारपैकी दुसऱ्या गोष्टीवर अडत असाल तर पहिला उपाय हाच. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वाय-फायच्या नावावर दोनदा क्लिक करा, पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमध्ये जा आणि ‘अलाउ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर’ समोरची टिक काढा. एवढ्याने न भागल्यास पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘वायरलेस अडॅप्टर सेटिंग्ज’ मॅक्सिमम परफॉर्मन्सवर आणि ‘पीसीआय एक्सप्रेस’खालचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट ऑफवर ठेवा. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल. लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असेल तर तो फरक जाणवायचाही नाही.

एकेक बदल करा आणि दोन दिवस बघा. पाच बदल एकदम केले तर कशाने बरं वाटलं हे कळायचं नाही.

माझ्याकडे ती पॉवर मॅनेजमेंटची टॅबच नाही.

मग तुमचा लॅपटॉप बहुधा मॉडर्न स्टँडबायवाला आहे. तिथे विंडोज हा अधिकार तुमच्या हातात देतच नाही, आणि पॉवर ऑप्शन्समधली ती लांबलचक यादीही दोनचार ओळींवर येते. इंटरनेटवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) बदल करून जुनी झोप परत आणायचे नुसखे फिरतात. मी ते कोणाला सुचवत नाही, कारण लॅपटॉपच्या बायोसमध्येच (विंडोजच्याही आधी यंत्र सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एस३ नसेल तर यंत्र झोपेतून उठतच नाही अशी पाळी येऊ शकते.

सोपा मार्ग आहे हायबरनेट. पॉवर ऑप्शन्समध्ये मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट निवडा. सगळं डिस्कवर लिहून यंत्र खरोखर बंद होतं आणि उठताना कार्डला पहिल्यापासून वीज मिळते. उठायला थोडा जास्त वेळ लागतो, पण सकाळी बॅटरी होती तितकीच सापडते. रात्रीसाठी हायबरनेट आणि जेवायला उठताना स्लीप, ही माझी स्वतःची वाटणी आहे.

ड्रायव्हर अपडेट केला, तरी तेच.

कुठून केला? डिव्हाइस मॅनेजरमधलं ‘सर्च ऑटोमॅटिकली’ अनेकदा ‘तुमच्याकडे सर्वोत्तम ड्रायव्हर आहे’ असं सांगून मोकळं होतं. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर जाऊन स्वतःचं मॉडेल टाका आणि तिथला वाय-फाय ड्रायव्हर घ्या. त्याच पानावर बायोसची नवी आवृत्ती आणि चिपसेटचा ड्रायव्हर असतो, तेही घ्या. झोपणं आणि उठणं हा वाय-फाय ड्रायव्हरच्या एकट्याच्या हातातला कारभार नाही, त्यात बायोसचा वाटा मोठा असतो.

उलट प्रकारही होतो. त्रास एखाद्या विंडोज अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरच्या टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ बघा. तो दाबता येत असेल तर जुन्यावर परत जा. नवीन ते चांगलंच असतं असा काही नियम नाही.

वाय-फायचा पर्यायच गायब झालाय. कार्ड जळलं का?

घाबरू नका, बहुतेक वेळा जळलेलं नसतं, अडकलेलं असतं. आधी एअरप्लेन मोडचं बटण आणि जुन्या लॅपटॉपच्या कडेला असणारी सरकती कळ बघा.

मग ब्लूटूथ बघा. वाय-फाय आणि ब्लूटूथ साधारणपणे एकाच कार्डावर असतात, पण यंत्राशी वेगवेगळ्या मार्गांनी बोलतात. ब्लूटूथ चालू आणि वाय-फाय गायब, तर संशय ड्रायव्हरवर. दोन्ही गायब, तर संशय कार्डावर किंवा त्याला मिळणाऱ्या विजेवर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणासह कोड १० किंवा कोड ४३ दिसत असेल, तर कार्ड जागेवर आहे, फक्त उठायला नकार देतंय.

अशा वेळी रीस्टार्ट पुरत नाही, कारण रीस्टार्टमध्ये कार्डाची वीज तुटेलच असं नाही. शिफ्ट धरून पूर्ण शटडाउन करा. चार्जर काढा, यूएसबीला लावलेलं सगळं काढा. बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा. पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मग चार्जर लावून चालू करा. आत उरलीसुरली वीज निघून गेली की कार्ड कोरं होऊन उठतं. मेलेलं समजून नवीन कार्ड मागवायच्या बेतात असलेले लोक या अर्ध्या मिनिटाने वाचलेले मी पाहिले आहेत.

रात्री लाइट गेली होती. सकाळपासून फक्त लॅपटॉपच जोडत नाही, फोन चालतो.

हा प्रश्न पावसाळ्यात जास्त येतो. लॅपटॉप झोपलेला असताना लाइट गेली, राउटर बंद पडला, लाइट आली, राउटर पुन्हा उभा राहिला. राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता भाड्याने देतो. आपल्याकडे घराचा करार अकरा महिन्यांचा, राउटरचा बहुधा २४ तासांचा. राउटर बंद होऊन उठला की अनेकदा त्याची जुनी वही कोरी झालेली असते, लॅपटॉप मात्र कालचाच पत्ता धरून बसलेला. त्यात तोच पत्ता सकाळी आधी जागा झालेल्या फोनला गेलेला असेल तर दोघांची टक्कर.

कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, जागा, तिरकी रेघ, रिलीज. मग तसंच रिन्यू. नाहीतर त्या नेटवर्कवर ‘फॉरगेट’ करून पासवर्ड पुन्हा टाका. लाइट येताच लगेच लॅपटॉप उघडला असेल तर मात्र आधी थांबा. फायबरचा डबा आणि राउटर पूर्ण उभे राहायला दोनतीन मिनिटं घेतात.

दिवसातून दोनदा लाइट जात असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घेऊन टाका. मात्र फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज हवी, नाहीतर राउटर जिवंत आणि लाइन मेलेली.

उठल्यावर २.४ दिसतं, पण ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसायला बराच वेळ लागतो.

राउटर बहुधा ५२ ते १४४ या दरम्यानच्या चॅनेलवर आहे. या चॅनेलवर रडारना पहिला मान असतो. म्हणून राउटरला तिथे प्रसारण सुरू करण्याआधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं, आणि लॅपटॉपही तिथे ‘कोणी आहे का’ म्हणून हाक मारत नाही, राउटरच्या हाकेची वाट बघतो. साहजिकच शोधायला वेळ जातो. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल ‘ऑटो’वरून काढून ३६, ४०, ४४ किंवा ४८ ठेवा. शिवाय दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असेल तर काही दिवस ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव देऊन बघा. सुरक्षेत ‘डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र’ असेल आणि कार्ड जुनं असेल तर नुसतं डब्ल्यूपीए२ करून बघण्यासारखं आहे.

ऑफिसचा लॅपटॉप आहे. वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण काहीच उघडत नाही.

व्हीपीएन. झोपताना बोगदा तुटतो, पण ‘बोगद्याबाहेर काहीही जाऊ द्यायचं नाही’ हा नियम तसाच उभा राहतो. व्हीपीएन हाताने डिसकनेक्ट करून पुन्हा जोडा. ते करायचा अधिकार तुम्हाला नसेल तर आयटीवाल्यांना सांगा. ऑफिसच्या यंत्रात वरचे बाकीचे प्रयोग करू नका.

रेल्वे स्टेशनवर किंवा हॉटेलात मिटून उघडला की नेट बंद.

तिथे लॉगिनचं पान असतं आणि झोपेत तुमचं सत्र संपलेलं असतं. पान आपोआप आलं नाही तर ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस नसलेली, साधी एचटीटीपी साइट उघडून बघा, तिच्या जागी लॉगिन येतं. विंडोजमध्ये ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ चालू असेल आणि तो रोज बदलायला ठेवला असेल, तर दुसऱ्या दिवशी तिथल्या यंत्रणेला तुम्ही नवेच पाहुणे वाटता. हॉस्टेलमध्ये मॅक पत्ता (म्हणजे कार्डाचा हाच हार्डवेअर ॲड्रेस, ॲपलच्या मॅकशी संबंध नाही) नोंदवून वाय-फाय देतात तिथे हा पर्याय बंदच ठेवा.

नेटवर्क रीसेट करू का?

सगळ्यात शेवटी. त्यात साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड जातात आणि व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं. राउटरच्या पाठीवरचा पासवर्ड कोणी तरी बदललेला असतो आणि तो कोणालाच आठवत नसतो. तो आधी लिहून घ्या.

लिनक्सवर?

उबुंटूसारख्या वितरणात नेटवर्कमॅनेजर वाय-फायची वीजबचत चालू ठेवतो. त्याच्या कॉन्फ.डी फोल्डरमधल्या फाइलीत वायफाय.पॉवरसेव्हची किंमत ३ असते, ती २ करा आणि सेवा पुन्हा सुरू करा. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. कार्ड तरीही उठत नसेल तर मॉडप्रोबने ड्रायव्हरचं मॉड्यूल काढून पुन्हा घाला. इंटेलच्या बऱ्याच कार्डांसाठी आधी आयडब्ल्यूएलएमव्हीएम काढावं लागतं, मग आयडब्ल्यूएलवायफाय. आरएफकिलने कार्डला कुलूप घातलेलं नाही ना तेही बघा. आणि डीमेसेजचा शेवटचा भाग वाचा. लिनक्स निदान कुठे दुखतंय ते स्पष्ट सांगतं.

मॅकवर?

कमी होतं, पण होतं. ऑप्शन दाबून वरच्या पट्टीतल्या वाय-फायवर क्लिक केलं की ताकद, चॅनेल आणि वायरलेस डायग्नोस्टिक्स मिळतात. नेटवर्क फॉरगेट करून पुन्हा जोडणं बहुतेक वेळा पुरतं. इंटेलच्या जुन्या मॅकवर एसएमसी (वीज सांभाळणारी चिप) रीसेट हा उपाय आहे. ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकवर तो प्रकारच नाही, तिथे रीस्टार्ट करा.

सगळं करून झालं. निदान उठल्यावर कार्ड आपोआप बंद-चालू होईल असं करता येतं का?

येतं. हा इलाज नाही, जुगाड आहे, पण उत्तम चालतो. टास्क शेड्युलरमध्ये नवं काम तयार करा. ट्रिगर ‘ऑन ॲन इव्हेंट’, लॉग सिस्टम, सोर्स पॉवर-ट्रबलशूटर, इव्हेंट आयडी १. मॉडर्न स्टँडबाय असेल तर सोर्स कर्नल-पॉवर आणि आयडी ५०७. ॲक्शनमध्ये पॉवरशेल, आणि त्याला द्यायची आज्ञा रीस्टार्ट-नेटअडॅप्टर, पुढे तुमच्या कार्डाचं नाव, जे बहुधा वाय-फाय हेच असतं. ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’वर टिक हवी. आणि कंडिशन्सच्या टॅबमध्ये ‘फक्त चार्जर लावलेला असतानाच चालव’ अशी टिक आधीपासून असते, ती काढा. मी पहिल्यांदा ती विसरलो आणि दोन दिवस डोकं खाजवत बसलो.

कार्ड बदलायचंच ठरलं तर काय बघायचं?

आधी ते बदलता येतं का ते. पातळ लॅपटॉपमध्ये कधी कधी ते मदरबोर्डलाच डकवलेलं असतं. सुटं असेल तर ते बोटाच्या पेराएवढं एम.२ कार्ड असतं. इंटेलचे एएक्स२०१ आणि एएक्स२११ हे फक्त जुळणाऱ्या इंटेल प्रोसेसरबरोबर चालतात, कारण त्यांचं अर्धं काम प्रोसेसरच्या बाजूला होतं. एएमडीच्या लॅपटॉपसाठी एएक्स२१० घ्या. नावं सारखी दिसतात आणि लोक फसतात. अँटेनाच्या तारा नाजूक असतात, नखाने सरळ वर उचला, ओढू नका.

दुरुस्तीच्या दुकानात नेताना काय घेऊन जाऊ?

कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि नेटएसएच, डब्ल्यूलॅन, शो, डब्ल्यूलॅनरिपोर्ट हे चार शब्द जागा सोडून लिहा. मागच्या तीन दिवसांत वाय-फाय कधी जोडलं, कधी तुटलं आणि कोणत्या कारणाने, याचा आलेखासकट अहवाल तयार होतो. फाइल कुठे ठेवली ते तिथेच दिसतं. ती पेनड्राइव्हवर घ्या, बिघाडाच्या वेळी डिव्हाइस मॅनेजरचा फोनने काढलेला फोटो ठेवा, आणि लॅपटॉप नेताना तो झोपलेल्या अवस्थेतच न्या. दुकानात पोचून उघडा, म्हणजे ‘आत्ता तर चालतंय’ हे ऐकावं लागणार नाही.